नुसते हात जोड

आमच्या गावच्या व्याख्यानमालेत यंदा एका ज्येष्ठ वक्त्यांनी परंपरेवर रसाळ व्याख्यान दिलं. ओघाओघात ते म्हणाले, ‘नास्तिकावर आपल्याकडे कधीच अन्याय झालेला नाही. आपण चार्वाकालासुद्धा दर्शनांत जागा दिली. देव मानणं न मानणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. तेव्हा नास्तिकांनी उगाच गळा काढू नये.’ टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत निदान तिघं माझ्या ओळखीचे असे होते, ज्यांनी आजूबाजूला कोणी नाही हे बघून, आपलाही देवावर विश्वास नाही असं मला कधी ना कधी सांगितलेलं आहे. त्या टाळ्या ऐकल्या आणि ठरवलं, याला उत्तर द्यायचं. वक्त्यांबद्दल मला आदर आहे, त्यांचं वाचन माझ्यापेक्षा दांडगं आहे. पण हे विधान खरं नाही, आणि ते कानाला इतकं गोड लागतं की कोणी ते तपासायच्या भानगडीत पडत नाही.

आधी चार्वाक. त्याला जागा दिली म्हणतात, ती कुठे? लोकायतांचा मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाही. ते काय म्हणत होते हे आपल्याला मुख्यतः कळतं ते त्यांच्या विरोधकांच्या पोथ्यांतून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाक पहिल्याच प्रकरणात येतो, तो पुढे खोडला जाण्यासाठी. ज्याची कैफियत फक्त फिर्यादीच्या तोंडून ऐकायला मिळते, त्याला न्याय मिळाला असं आपण एरवी म्हणत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात चार्वाक नावाचा एक जण भर सभेत युधिष्ठिराला आप्तांच्या हत्येचा जाब विचारतो. त्याला राक्षस ठरवलं जातं आणि ब्राह्मण आपल्या हुंकाराने त्याला जाळून टाकतात. मनुस्मृती दुसऱ्या अध्यायात वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हणते आणि सज्जनांनी त्याला बाहेर काढावं असंही तिथेच सांगते.

सांख्य आणि मीमांसा यांनी ईश्वर मानला नाही, तरी त्यांना आपण आस्तिक दर्शनं म्हणतो, हा वक्त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. पण तो मुद्दा नीट बघा. मीमांसकाला जगाचा कर्ता ईश्वर नको होता. वेद आणि यज्ञ मात्र हवेच होते. ईश्वर नाकारलात तर चालेल, कर्म चुकवायचं नाही. आपली ही सहिष्णुता त्या अटीवर उभी आहे आणि ती अट आजतागायत सुटलेली नाही. मनातून काय मानता ते आम्ही विचारणार नाही, वेळ आली की हात जोडा.

ही वेळ माझ्यावर वाईला, कृष्णेच्या घाटावर आली. नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा दहावा होता. नानांनी मरणाच्या सहा वर्षं आधी देहदानाचा अर्ज भरला होता आणि कसलेही विधी करू नयेत असं आपल्या बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. कागद कपाटात, डाव्या खणात. घरातल्या सगळ्यांना ठाऊक. ते रात्री अकराला गेले. मेडिकल कॉलेज अडीच तासांच्या अंतरावर. त्यांना कळवायचं की आधी भावकीला, यावर बोलणी सुरू झाली ती उजाडेपर्यंत. काका म्हणाले, ‘जिवंत होता तोवर त्याचं ऐकलं, आता आमचं ऐकायचं.’ आत्या रडत होती, आई गप्प होती. दहा वाजता गुरुजी आले. निधनवार्तेच्या फळ्यावर कोणी लिहिलं मला माहीत नाही, पण नानांच्या नावापुढे ‘देवाज्ञा झाली’ असं लिहिलेलं होतं.

दहाव्याला भाऊ पिंडापुढे बसला. विधी उरकला, पिंड पायरीवर ठेवले आणि आम्ही मागे सरून कावळ्याची वाट बघू लागलो. समोरच्या भिंतीवर सात-आठ कावळे बसलेले. एकही खाली येईना. मग एकेकाने पुढे जाऊन बोलायला सुरुवात केली. ‘आईकडं आम्ही बघू, नाना.’ ‘धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नका.’ पाऊण तास गेला. ऊन चढलं. तेव्हा आत्या माझ्याजवळ आली आणि दंड धरून हलक्या आवाजात म्हणाली, ‘तू जोडले नाहीस ना हात? म्हणून अडलाय तो. नुसते हात जोड गं, मनात काही म्हणू नकोस.’

मी हात जोडले नाहीत. नानांनी लिहून ठेवलं होतं आणि ते वाचलेल्या माणसांपैकी कोणीतरी एकाने तरी ते पाळायला हवं होतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. त्या दिवसापासून भावकीत ठरून गेलं की नानांचा आत्मा लेकीमुळे अडकला. पुढच्या वर्षी काकांच्या घरी मुलीचा साखरपुडा होता. आई आणि भाऊ यांना बोलावणं आलं, मला आलं नाही. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. वक्ते म्हणतात तसा ‘अन्याय’ झाला नाही. फक्त माझं पान मांडलं गेलं नाही.

आपल्याकडे नास्तिकाला होणारी शिक्षा बहुतेक वेळा अशी असते, म्हणून ती मोजता येत नाही आणि नाकारता येते. जिथे ती कागदावर उतरली तिथे मात्र नाकारायला जागा नाही. नाशिकच्या एका माध्यमिक शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांबरोबर उभे राहत, गडबड करत नसत, फक्त हात जोडत नसत. त्यावरून त्यांच्यावर बेशिस्तीचा ठपका आला आणि त्यांची वेतनश्रेणी अडली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. कोणालाही हात जोडायला भाग पाडणं हा मूलभूत हक्काचा भंग आहे, असा निकाल २०१३ मध्ये लागला. एका मास्तराला हात खाली ठेवता यावेत यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आपण कुठल्याही धर्माचे नाही असं सांगण्याचाही हक्क आहे, हे त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं, कारण सरकारी मुद्रणालय राजपत्रात तशी नोंद छापायला तयार नव्हतं. संविधानाच्या पंचविसाव्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य पहिल्यापासून आहे. तरीही माणसाला झगडावं लागतं, कारण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या डोक्यात ‘काहीच नाही’ हा रकानाच नसतो.

आणि हे काही आजचं नाही. आगरकर काटेकोर अर्थाने अज्ञेयवादी. त्यांची पुण्याच्या सनातन्यांनी ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली, त्यांच्या दारावरून नेली. आंध्रातले गोरा, म्हणजे गोपाराजू रामचंद्र राव, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. देव ही कल्पना खोटी आहे असं लिहिल्याबद्दल १९३३ मध्ये काकिनाड्याच्या कॉलेजातून त्यांची नोकरी गेली, पुढे मछलीपट्टणमलाही तेच झालं. याच गोरांशी गांधीजी सेवाग्रामला तासन्‌तास बोलले. गोरांनी आपल्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या तरुणाशी ठरवलं, तेव्हा ते आश्रमात लावायला आणि विधीतून ईश्वराचं नाव वगळून सत्याचं नाव घ्यायला गांधीजी तयार झाले. ते लग्न गांधीजींच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामलाच झालं. प्रार्थना ज्याच्या दिवसाचा कणा होती, अशा माणसाने नास्तिकासाठी आपल्या अंगणात केलेली ही जागा आहे. वक्त्यांना परंपरेचा दाखला द्यायचाच होता तर हा द्यायला हवा होता. इथे गांधीजींनी समोरच्याला हात जोडायला लावले नाहीत, आपलाच मंत्र बदलला.

आता घर भाड्याने घेण्याचं बघा. पुण्यात मी आणि नवरा जागा बघत होतो. मालकीणबाई स्वभावाने चांगल्या. स्वयंपाकघरातला ईशान्येचा कोपरा दाखवून म्हणाल्या, ‘इथं देव्हारा छान बसेल.’ मी म्हटलं, ‘आम्ही देव ठेवत नाही.’ त्या थांबल्या. मग विचारलं, ‘म्हणजे तुम्ही कुठले?’ मी गाव सांगितलं. ‘तसं नाही हो. म्हणजे तुम्ही... कोण?’ आडनावावरून त्यांना उलगडा होत नव्हता. देव नाही म्हणजे हे जयभीमवाले, की बाटलेले, की आंतरजातीय, हे त्यांना आधी ठरवायचं होतं. संध्याकाळी एजंटाचा फोन आला, जागा पुतण्याला द्यायची ठरलीय.

या प्रश्नावर मी बराच विचार केलाय. महाराष्ट्रात ‘देव मानत नाही’ हे वाक्य कोणी मत म्हणून ऐकत नाही, ते जातीचा दाखला म्हणून ऐकलं जातं. आणि म्हणून त्याची किंमतही जातीप्रमाणे ठरते. सदाशिव पेठेतल्या प्राध्यापकाने देव नाकारला तर तो ‘विचारवंत’, ‘जरा विक्षिप्त आहेत पण अभ्यास मोठा’. तेच वाक्य बौद्ध वस्तीतल्या पोराने उच्चारलं की ‘माजलेत’. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांची सुरुवातच ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव न मानण्याने होते. दर दसऱ्याला लाखो माणसं त्या जाहीरपणे म्हणतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्ली सरकारमधले मंत्री राजेंद्र पाल गौतम अशाच एका कार्यक्रमाला हजर राहिले, प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या, गदारोळ झाला आणि त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. प्रतिज्ञा सहासष्ट वर्षं जुन्या, संविधानाच्या शिल्पकाराने दिलेल्या. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ म्हणणाऱ्यांनी हे मंत्रिपद का गेलं ते सांगावं.

बाईचं तर आणखी वेगळं. नाना नास्तिक होते तरी त्यांचं निभावलं, कारण घरात आई होती. सकाळची पूजा, संकष्टी, श्रावणातले सोमवार, गौरींची भाजी-भाकरी, चैत्रगौरीचं हळदीकुंकू, सगळं तिने केलं. लोक म्हणायचे, ‘नाना मानत नाहीत, पण घरात सगळं यथासांग असतं.’ पुरुषाच्या नास्तिकपणाचा हप्ता बायको भरत असते. बाईने नाही म्हटलं तर भरायला मागे कोणी नसतं. मग तिला मूल उशिरा झालं तर ते त्यामुळे, सासऱ्यांना अर्धांग झालं तर ते त्यामुळे. माझ्या एका मैत्रिणीने मंगळागौर पुजायला नकार दिला. दोन वर्षांनी तिचा नवरा अपघातात जखमी झाला, तेव्हा सासूने दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, हिशेब मांडला. ती आता पूजा करते. मी तिला कधी दोष दिला नाही, देणारही नाही.

सगळ्यात खोल रुतलेला आक्षेप वेगळा आहे आणि तो वक्त्यांनीही सूचित केलाच: देवाची भीती नसेल तर माणूस कशाला धरून राहील? मला राग येतो तो याचा. नाना आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचे बावीस वर्षं खजिनदार होते. आरतीला मागे, खांबाला टेकून उभे राहायचे, हातात पावतीपुस्तक. हात जोडलेले मी कधी पाहिले नाहीत. पण वर्गणी कोणाकडे द्यायची म्हटलं की सगळी गल्ली, अगदी रोज सोवळ्यात पूजा करणारे जोशीकाका धरून, नानांचं नाव घ्यायची. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेबाचा कागद पारावर लागलेला असायचा, सुतळीच्या तोड्यापर्यंत. याच माणसांना नास्तिकाच्या सचोटीबद्दल शंका असते, आणि ती शंका ते ज्या नास्तिकाला ओळखतात त्याच्याबद्दल नसते. म्हणून मला वाटतं की हा अनुभवातून आलेला समज नाही, ऐकीव भीती आहे. आगरकर एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. उशाशी एक पुरचुंडी सापडली, त्यात स्वतःच्या दहनासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. र. धों. कर्व्यांनी नोकरी गमावली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालवलं, खटले अंगावर घेतले. भगतसिंगाने फाशीच्या काही महिने आधी, लाहोरच्या तुरुंगात, आपण नास्तिक का आहोत ते लिहिलं. त्याच्या मित्रांनीच त्याच्यावर गर्वाचा आरोप केला होता, त्याला ते उत्तर होतं. मरण समोर दिसत असताना वरच्या न्यायालयाची, स्वर्गाची, पुनर्जन्माची कसलीही आशा न ठेवता जो माणूस उभा राहिला, त्याचा फोटो आपण शाळाशाळांतून लावतो. तो नास्तिक होता हे मात्र मुलांना सांगत नाही. मी एका शाळेत ते सांगितलं, तेव्हा मुख्याध्यापिका नंतर म्हणाल्या, ‘एवढं टाळलं असतं तर बरं झालं असतं.’

‘दुसऱ्या धर्मात बोलून दाखवा’ हे आव्हान हमखास येतं. बोलतात, आणि मरतातही. कोईम्बतूरमधला एकतीस वर्षांचा एक तरुण, जन्माने मुस्लिम, द्रविड चळवळीतला नास्तिक. मार्च २०१७ मध्ये त्याला त्याच्याच समाजातल्या माणसांनी ठार केलं. ढाक्यात नास्तिक लेखक अभिजित रॉय यांना फेब्रुवारी २०१५ मध्ये पुस्तक जत्रेतून बाहेर पडताना कोयत्यांनी तोडलं. आपल्याकडे हमीद दलवाईंनी आयुष्यभर शिव्या आणि धमक्या सोसल्या आणि १९७७ मध्ये जाताना कुठल्याही विधीशिवाय दहन करावं असं सांगून गेले. हे आव्हान देणाऱ्यांना दलवाईंचा वापर हवा असतो. दलवाईंचा नास्तिकपणा आपल्या घरात आला तर त्यांनाही तो सोसत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची गोष्ट तर याच मातीतली. त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका शेकडो सभांत सांगितली: समितीचा देवाला, धर्माला विरोध नाही, शोषणाला विरोध आहे. स्वतः नास्तिक असूनही त्यांनी आपलं मत संघटनेवर लादलं नाही. डॉ. श्रीराम लागू त्यांच्याच व्यासपीठावरून देवाला निवृत्त करा म्हणायचे, दाभोलकर तिथेच त्यांच्याशी मतभेद मांडायचे. इतकी काळजी घेऊनही त्यांच्या माथी ‘धर्मद्रोही’ हा शिक्का बसलाच. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यातल्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते सुमारे अठरा वर्षं खेटे घालत होते, त्याचा वटहुकूम खुनानंतर काही दिवसांतच निघाला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना मे २०२४ मध्ये जन्मठेप झाली. बाकीचे तीन आरोपी सुटले. त्या सकाळनंतर आमच्या भागातल्या तीन शाळांनी ठरलेले चमत्कार-प्रात्यक्षिकांचे कार्यक्रम रद्द केले. कोणी धमकी दिली नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, ‘वातावरण बरं नाही.’

वातावरण. हा शब्द नास्तिकाला फार ऐकावा लागतो. भावना दुखावल्याचा गुन्हा १९२७ पासून दंडसंहितेत होता, आता तो न्यायसंहितेत आहे, फक्त क्रमांक बदलला. ‘तुझ्यामुळे बाप अडकला’ हे सांगितल्यावर मुलीच्या मनाचं काय होतं, याला कुठल्याही संहितेत कलम नाही. मी ते मागतही नाही. माझी मागणी एवढीच आहे की दुखतं हे तरी कबूल करा. काही नास्तिक उद्धट बोलतात, श्रद्धेने रडणाऱ्याला हसतात. मला ते अजिबात पटत नाही, आणि मी तसं तोंडावर सांगते. पण शेजारचा भक्त उद्धट निघाला म्हणून आपण सगळ्या भक्तांना घर नाकारत नाही.

वक्त्यांनी एक आकडाही दिला होता. २०११ च्या जनगणनेत देशभरात नास्तिक म्हणून नोंद झाली ती अवघ्या ३३,३०४ जणांची, त्यातले ९,६५२ महाराष्ट्रात. ‘एवढ्या मूठभरांसाठी कशाला चर्चा?’ एकशे एकवीस कोटींत तेहतीस हजार. पण प्यू रिसर्च सेंटरच्या २०२१ च्या अहवालात देव मानतो असं सांगणाऱ्या भारतीयांचं प्रमाण ९७ टक्के आहे. उरलेल्या तीन टक्क्यांतून ‘सांगता येत नाही’वाले वजा केले तरी ही संख्या हजारांत मावत नाही. मग बाकीचे गेले कुठे? ते उंबऱ्याच्या आत आहेत. जनगणनेचा माणूस दारात येतो, तेव्हा बहुतेक वेळा घरातला एक कर्ता माणूस सगळ्यांची माहिती सांगतो. आमच्या घरी २०११ मध्ये काकांनी सांगितली होती. नाना बाजारात गेले होते. त्या तेहतीस हजारांत नाना नाहीत.

हे सगळं मी लिहीत होते तेव्हा आई शेजारी भाजी निवडत बसली होती. पंच्याऐंशी पूर्ण झालीत. काय लिहितेस विचारलं, म्हणून हा आकड्यांचा भाग तिला वाचून दाखवला. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मेथीची जुडी संपवली, देठं कागदात गुंडाळली. मग म्हणाली, ‘मलाही कधी काही वाटलं नाही गं तिथं बसून. इतकी वर्षं फुलं वाहिली, पण समोर कोणी आहे असं नाही वाटलं.’ मी तिच्याकडे बघत राहिले. तिने विचारलं, ‘ते मोजायला येतात तेव्हा एकाच घरात वेगवेगळं लिहून घेतात का?’

घेतात, मी म्हटलं.